चिंध्यांचा डबा

माणिकच्या हातून मोजमापात कधी चूक झाली नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या नाट्यमंडळात एक चूक झाली आणि ती त्याच्या नावावर गेली, पण ती माझी होती. नजरचुकीने झालेली नव्हती ती. मी घरून ठरवून निघालो होतो, आणि उघडं पडायची वेळ आली तेव्हा मी माझ्या लहानपणापासूनच्या मित्राचं नाव पुढं केलं. हे तो जिवंत असताना बोलायला हवं होतं. आता त्याला जाऊन दीड महिना झाला, आणि मी कागद घेऊन बसलो आहे...

त्याच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला तेव्हा शाळेत मधली सुट्टी होती. मुलं व्हरांड्यात ओळीनं बसून खिचडी खात होती. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी "हो" म्हणालो. तिनं एखादं काम सांगावं आणि मी ते ऐकून घ्यावं तसं नुसतं "हो". फोन खिशात ठेवला आणि उरलेली सुट्टी मुलांच्या ओळीमधून येरझारा घालण्यात काढली. घंटा झाल्यावर मग मुख्याध्यापकांना सांगून निघालो.

माणिकचं शिलाईचं दुकान म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. मी पोहोचलो तेव्हा मशिनवर कुणाचातरी ब्लाउज तसाच होता, सुई अर्ध्या बाहीत रुतलेली. आत माणिकच्या पत्नी शोभावहिनी बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. बाहेर मांडवात जो येईल तो आधी माझ्या खांद्यावर हात ठेवी. "मास्तर, तुमचा तं जोडीदार गेला." मी मान हलवत होतो. आमच्या मंडळाचे जुने अध्यक्ष बाबारावकाका काठी टेकत आले आणि माझ्या शेजारी बसले. काठी पायांशी ठेवत म्हणाले, "सोन्यावानी मानूस होता, वसंता. सारी जिंदगी कपडा मोजला, बोटभर इकडंतिकडं नाई. ते एक त्या डब्याचं सोडलं तं..."

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं असेल.

तो डबा कसला, हे सांगायचं तर बरंच मागं जावं लागेल. आमचं गाव मुकुटबनपासून फार लांब नाही. गावाच्या कडेला कापसाची एक बंद पडलेली जिनिंग आहे. तिच्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये, संक्रांत झाली की, गावातली हौशी माणसं नाटक करतात. माझे वडील करत, नंतर आम्ही करू लागलो. माझ्या लहानपणी शेडमध्ये कोणी कुठं बसायचं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. पुढं खुर्च्यांवर शेतीवाडीवाली घरं. त्यामागं सतरंजीवर बाकीचं गाव. बौद्ध वस्तीतली माणसं सगळ्यात मागं, दाराशी. आणि डोंगराच्या पायथ्याशी कोलामांची जी वस्ती आहे, जिला आम्ही पोड म्हणतो, तिथली माणसं आत येतच नसत. ती बाहेर उभी राहून पत्र्याच्या फटीतून बघत. त्यांना कोणी "आत येऊ नका" म्हटल्याचं मला आठवत नाही. "या" म्हटल्याचंही आठवत नाही.

मी वडिलांच्या मांडीवर, पहिल्या रांगेत. माणिक माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर, पण नाटकाच्या दिवशी तो आपल्या वस्तीसोबत दाराजवळ. तिथं गर्दी झाली की तोही बाहेर जाई आणि डावीकडच्या एका फटीला डोळा लावी. त्या फटीतून अर्धंच स्टेज दिसे. दुसऱ्या दिवशी शाळेत तो मला विचारी, "उजव्या बाजूले काय झालं बे?" मी सांगायचो. सांगताना थोडं पदरचं घालायचो. राजा नुसता उठून गेला असेल तर मी त्याला मारून टाकायचो. माणिकला ते कळायचं. "तू सांगतलेलं नाटक असल नाटकाहून बरं रायते," असं म्हणून हसायचा. त्याला न दिसणाऱ्या अर्ध्या भागाबद्दल मी त्याच्याशी खोटं बोलायला लागलो ते तेव्हापासून... असं आता वाटतं.

मोठेपणी मी शिक्षक झालो आणि मंडळाचा कार्यवाह. माणिकनं मशिन टाकली. मंडळाचे सगळे पडदे, सगळे पोशाख त्याचे. स्वतः स्टेजवर कधी आला नाही. "माहं तोंड पायल्यावर लोकायले आपल्या पँटी आठवतीन, कव्हा देतो म्हनून इचारतीन," म्हणायचा. तो विंगेत, तोंडात टाचण्या धरून उभा असायचा.

आणि एका वर्षी मंडळाच्या बैठकीत तो अचानक बोलला. बारा-तेरा वर्षं झाली त्याला. "आपन बोर्डावर लिहितो, सर्वांनी यावे. येतात बी सगये. पन जे जिथं आपल्या बापाच्या वक्ती बसे, ते तिथंच बसून राह्यलं. काहून?"

त्यानं पिशवीतून एक बिस्किटांचा पत्र्याचा गोल डबा काढला आणि सतरंजीवर पालथा केला. आतून कपड्याचे तुकडे पडले. दुकानातल्या उरलेल्या चिंध्या, सगळ्या एका मापाच्या कापलेल्या, कडा दुमडून शिवलेल्या. पहिल्या रांगेला लाल चौकड्याचा कपडा. दुसरीला शाळेच्या गणवेशाचा निळा. तिसरीला पिवळा, त्यापुढं हिरवा, असं करत शेवटच्या सतरंजीला पांढरं मांजरपाट. दारात एकानं डबा धरायचा, येणाऱ्यानं न बघता हात घालायचा, आणि जो रंग निघेल त्या रांगेत बसायचं, जाताना चिंधी डब्यात परत टाकायची. रांगेच्या दोन्ही टोकांना त्याच कपड्याची पट्टी बांधलेली. लेकरांना वेगळी चिंधी नाही, म्हणजे ती आईपासून तुटायची नाहीत. आकडे का नाही लिहिले, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, माह्या मायले आकडा वाचता येत नाई. लाल-निया कयते."

बाबारावकाका तेव्हा अध्यक्ष होते. ते बसल्या जागी ताठ झाले. "म्हंजे मी म्हाताऱ्या मानसानं पांढरं निंघालं तं सतरंजीवर बसाचं?"

"निंघालं तं बसाचं, काका. पन तुम्ही आपलं नशीब इतकं खराब कायले समजून राह्यले?"

सगळे हसले. काकाही हसले, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. आमच्याकडं बऱ्याच गोष्टी अशा हसण्यावारी पुढं सरकतात. त्या वर्षी काकांना खरोखर पांढरी चिंधी आली. ते माणिकच्या आईशेजारी, गुडघे धरून, पूर्ण तीन अंक बसले. माणिकच्या आईनं त्यांच्यापुढं सुपारी धरली. त्यांनी जरा वेळ बघितलं आणि घेतली. बाहेर पडताना म्हणाले, "मांगून आवाज चांगला येते बे." बस्स, एवढंच. पुढच्या वर्षी डब्याबद्दल कोणी वाद घातला नाही.

पण पोडावरची माणसं तरी येत नव्हती. माणिक दोनदा तिकडं जाऊन आला आणि सांगत आला की, नाटक अंधार पडल्यावर सुरू होतं, बायकांना परतायला चार किलोमीटर रानातून चालावं लागतं, त्या येणार कशा? मग त्यानं नाटक दुपारी तीनला करायचं काढलं. भरदिवसा पत्र्याच्या शेडमध्ये अंधार कसा करायचा म्हणून लोक त्याच्यावर हसले. त्यानं खताच्या पोत्यांना काळं अस्तर लावून सगळ्या खिडक्या झाकल्या. फटीसुद्धा बुजवल्या. ती डावीकडची फट बुजवताना मी शिडी धरली होती. तो वर चढून, एक डोळा फटीला लावून जरा वेळ तसाच राहिला. "काय दिसते?" मी खालून विचारलं. "अर्धं," तो म्हणाला, आणि पोतं ठोकलं.

त्या वर्षी पोडावरून पहिल्यांदा आत आलेल्या बायकांत सोनाबाई होती. बांबूच्या टोपल्या विणणारी, साठी ओलांडलेली, एका डोळ्यानं अधू. सोबत लहानशी नात. माणिकनं डबा पुढं केला तर ती हात घालायला तयार होईना. "इंचू नाई त्याच्यात, घाल," तो म्हणाला. तिनं घातला आणि पांढरा काढला. पुढच्या वर्षी पांढरा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पांढरा. मग तो दोघांतला ठरलेला विनोदच झाला. ती दुरूनच म्हणे, "माहा हातच पांढरा हाये, टेलर. डब्याले दोष नको देऊ." आणि तो म्हणे, "बुढे, एक दिवस लाल निंघन. नाई निंघालं तं माह्या नावाचा कुत्रा पाळजो."

लाल निघाला. दोन वर्षांपूर्वी.

त्या वर्षी शेडचे पत्रे गळत होते. बाहेरगावचे काही वजनदार पाहुणे नाटकाला येणार होते. त्यांनी मनावर घेतलं असतं तर नवे पत्रे मिळाले असते. कार्यवाह म्हणून त्यांना बोलावलं मीच. त्यांना दारात डब्यात हात घालायला लावायचं, आणि पांढरी चिंधी निघाली तर सतरंजीवर बसवायचं, हे मला नको होतं. माणिकला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता हे मला माहीत होतं. म्हणून विचारलं नाही. सकाळी डबा शेडच्या खोलीत ठेवलेला होता. पाहुणे सहा येणार होते, तेवढ्या खुर्च्या पहिल्या रांगेत रिकाम्या राहाव्यात म्हणून मी आत जाऊन सहा लाल तुकडे वेचले आणि जाकिटाच्या आतल्या खिशात घातले. मनाशी म्हणालो, मंडळासाठीच तर करतो आहे. शेड राहिलं तर डबा राहील... माणसाला स्वतःला पटवायला किती कमी वेळ लागतो.

दारात माणिक डबा धरून होता. मी पाहुण्यांना बाजूच्या दारानं आणून थेट पुढं बसवलं. ते सहाचे सात निघाले. पहिली रांग भरलेली. आणि तिच्या अगदी टोकाला सोनाबाई बसली होती, नात मांडीवर घेऊन, इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्चीवर, पाय जमिनीला नीट टेकत नसल्यासारखे एकावर एक ठेवून. सातवे पाहुणे माझ्यामागं उभे. त्या रांगेत आमच्या गावची आणखी सात माणसं होती. मी त्यांच्यातल्या कुणालाही उठ म्हणू शकलो असतो. मी तिच्याकडं गेलो.

"आजी, तुम्हाला मागं बसावं लागेल. ही तुमची रांग नाही."

तिनं मूठ उघडून दाखवली. आत लाल तुकडा. घामानं ओला झाला होता. "टेलरनं डबा धरला. मी काहाडला."

"माणिकच्या मोजण्यात चूक झाली," मी म्हणालो. "एक तुकडा जास्तीचा पडला."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग नातीला कोलामीत काहीतरी म्हणाली आणि उठली. तुकडा मी तिच्या हातातून घेतला, आणि तोही खिशात घातला. ती मागच्या सतरंजीवर बसली नाही. थेट दाराबाहेर गेली. थोड्या वेळानं तिच्यासोबतच्या बायकाही एकेक करून उठल्या. पडदा वर गेला तेव्हा मी विंगेत माणिकच्या शेजारी उभा होतो. तो डबा ठेवून आधीच विंगेत आला होता, त्यामुळं त्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं. तो टाचण्या तोंडातून काढून हळूच म्हणाला, "बुढीले लाल निंघाला बे आज. पायलं का तिचं तोंड?"

मी "हो" म्हणालो.

आठवड्यानं मंडळाची बैठक झाली. पोडावरच्या बायका मधूनच का गेल्या, असं कोणीतरी विचारलं. सोनाबाईला उठवल्याची कुजबुज गावात होतीच. मी म्हणालो, "एक तुकडा जास्त झाला होता. तुकडे माणिक मोजतो." माणिक समोरच बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. तोपर्यंत त्यानं डबा घरी नेऊन मोजला असणारच, आणि एक जास्त व्हायच्या ऐवजी सात कमी भरले असणार. तो म्हणाला, "हो. मीच मोजतो." आणि विषय संपला. पुढं नवे पत्रेही आले नाहीत. पाहुणे पुन्हा कधी फिरकले नाहीत. पण पत्रे आले असते तरी हिशेब तोच राहिला असता.

आता जी गोष्ट सांगायची ती मी माझ्या बायकोलाही सांगितलेली नाही. थंडी सरल्यावर मी ते जाकीट अस्तर बदलायला माणिकच्याच दुकानात दिलं. त्यावर शिंप्याचा हात फिरणार आहे आणि आतल्या खिशात काय आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चार दिवसांनी जाकीट घरी आलं. नवं अस्तर, बटणं घट्ट केलेली. मी सहज आतल्या खिशात हात घातला. सात लाल तुकडे होते. धुतलेले, इस्त्री केलेले, एकावर एक ठेवलेले. खिसा एका कोपऱ्यात उसवला होता, तोही त्यानं शिवून दिला होता. काही सांडू नये म्हणून.

मी त्याच वेळी उठून त्याच्याकडं जायला हवं होतं. दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या. गेलो नाही. संध्याकाळी तो चौकात भेटला, म्हणाला, "बसलं का जाकीट बराबर?" मी म्हणालो, "बसलं." त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. पुढची दोन वर्षं आम्ही रोज भेटलो, चहा प्यालो, पावसाबद्दल आणि पोरांबद्दल बोललो, आणि जाकिटाच्या त्या दोन वाक्यांपलीकडं गेलो नाही. माणसं भांडतात, अबोला धरतात, ते परवडतं. आम्ही बोलत राहिलो. माझ्यासारखा माणूस त्याच्या दुकानात रोज तासभर बसूनही किती एकटा असू शकतो, हे मला त्या दोन वर्षांत समजलं. तो कधीच टोचून बोलला नाही. टोचला असता तर बरं झालं असतं...

पुढच्या संक्रांतीला त्यानं डबा माझ्या हातात दिला. "यंदापासून दारात तू उभा राय." बस्स. डब्यात लाल तुकडे पुरते चौदा होते. जुना चौकड्याचा कपडा संपला होता म्हणून त्यानं सात नवे, दुसऱ्या कपड्याचे शिवले होते. जरा गडद. बघणाऱ्याला फरक कळणार नाही, पण मी दारात उभा राहून प्रत्येकाचा हात डब्यातून बाहेर येताना बघत होतो. कुणाच्या हातात गडद लाल आला की माझी नजर खाली जाई. पोडावरून कोणी आलं नाही. मी दार लावायला मुद्दाम उशीर केला, तरी आलं नाही.

त्यानंतर त्याला आजारानं धरलं. तो खचत गेला, पण मशिन सोडली नाही. शेवटच्या महिन्यात खाटेला खिळला, मशिनवरचं काम अर्ध्यातच राहिलं. मी एका रविवारी मनाशी पक्कं करून गेलो. वाक्य पाठ केलं होतं. शोभावहिनींनी चहा ठेवला आणि आत गेल्या. तो उशीला टेकून बसला होता, भिंतीवरच्या दोन तसबिरींखाली, मनगटं काडीसारखी झालेली. मी म्हणालो, "यंदा बोंडं बरी भरली." तो म्हणाला, "हं." मी म्हणालो, "शाळेचं कुंपण करून राह्यले." तो म्हणाला, "बरं झालं." असं अर्धा तास चाललं. चहा निवला. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "वसंता." तो मला नेहमी मास्तर म्हणे. वसंता म्हणजे शाळेच्या बाकावरचं नाव.

"काय रे?"

"एक डाव पोडावर जाऊन येजो."

"जाईन," मी म्हणालो. "तू बरा झाला की दोघं जाऊ."

त्यानं डोळे मिटले. ती आमची शेवटची भेट.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी त्याच्या पडद्यांबद्दल बोललो, दुपारच्या नाटकाबद्दल बोललो, डब्याबद्दलही बोललो. समोर सुजाता बसली होती. एवढ्या लोकांत सांगायचं धाडस झालं नाही, हे खरं आहे. पण सगळ्यात आधी ऐकायचा हक्क या लोकांचा नाही, असंही वाटलं. कदाचित तीही पळवाटच असेल. कार्यक्रम झाल्यावर सुजातानं दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. मंडळाचे कपडे, पडदे बघून घेऊन जा म्हणाली. मी आत गेलो. ब्लाउज कोणीतरी मशिनवरून काढला होता. टाचण्यांची वाटी, खडू, मापाची पट्टी, सगळं जागच्या जागी. खुंटीवर लाल कपड्याचा उरलेला लांबट तुकडा लटकत होता, तो गडद लाल. मी त्याच्या स्टुलावर बसलो. तिथून रस्ता दिसतो. लोक जाताना सवयीनं आत बघत होते, मला बघून पुढं जात होते.

गेल्या रविवारी मी पोडावर गेलो. डबा सायकलच्या हँडलला अडकवलेला, सात तुकडे शर्टाच्या खिशात. तुरीच्या वावरातून वाट जाते, मग रान. सोनाबाई अंगणात बांबूच्या कांबट्या सोलत होती. मला बघून तिनं नातीला हाक मारली. ती आता उंच झाली आहे. तिनं पाणी आणून दिलं. सोनाबाईनं डबा ओळखला.

"टेलर गेला मनते," ती म्हणाली.

"हो आजी."

"आम्हाले उशिरा समजलं." ती कांबटी सोलत राहिली. "चांगला मानूस. त्या साली नाटकातून आम्ही निंघून आलो, तं दुसऱ्याच आठवड्यात आला इथं. एकटा. इथंच बसला, तू बसला तिथं. मने, बुढे, माह्या मोजन्यात चूक झाली, माफ कर. मी मनलं, होते. मानसाचा हात हाये. माफ केलं त्याले कव्हाच."

तो इथं येऊन गेला होता. बैठकीत "मीच मोजतो" म्हणाला, तेवढ्यावर तो थांबला नव्हता. हे त्यानं मला वाचवायला केलं, की डब्याला? खिशात तुकडे घालणारा कार्यवाहच आहे, हे कळल्यावर त्या डब्यात पुन्हा कोण हात घालणार होतं? डब्यालाच वाचवलं असेल. माझ्यासाठी केलं असेल असं समजायची मला इच्छा होते, आणि लाज वाटते.

"मग आजी, नंतर आल्या नाहीत नाटकाला?" मी विचारलं.

"त्याचा राग नोता. या पोरीनं ऐकलं ना तू बोलला ते." तिनं नातीकडं बघितलं. "त्या रोजी मी तिले मनलं, पुढून माह्या डोयाले तरास होते, चाल बाहीर जाऊ. तव्हा ते लहान होती, पन तिले पटलं नाई. अजून मनते, आजी, आपल्याले उठवलं." कांबटी बाजूला ठेवत ती म्हणाली, "जाऊ दे. टेलरच गेला. आता कायचं काय?"

तिनं सगळं मिटवून टाकलं होतं. चूक माणिकची, माफी दिलेली, माणूस गेलेला. मला फक्त पाणी पिऊन, "येतो आजी" म्हणून उठायचं होतं. पुन्हा एकदा "हो" म्हणायचं होतं. मुलगी दाराशी उभी राहून माझ्याकडं बघत होती.

मी खिशातले सात तुकडे काढले. माणिकनं घातलेल्या घड्या त्यांच्यावर अजून तशाच होत्या. त्यातला सोनाबाईचा कुठला हे आता ओळखू येत नव्हतं, म्हणून सातही तिच्यापुढं जमिनीवर मांडले.

"आजी, मानिकची काईच चूक नोती. डबा बराबर होता. हे तुकडे मी चोरले होते, पाहुन्यायसाठी. तुमच्या हातात आलेला लाल तुमचाच होता. मी खोटं बोललो, तुमच्यापाशी बोललो, या पोरीच्या देखत बोललो, अन् मंग गावात त्याच्या नावावर घातलं. त्याले ठाऊक होतं, तरी तो तुमच्या पायापाशी येऊन माही माफी मांगून गेला. ते माफी तुम्ही त्याले देल्ली, ते वापस घ्या, त्याले तिची गरज नोती. मले माफ करा, आजी. पोरी, तू बी मले माफ कर. तुमाले उठवलं ते मी उठवलं."